सरकारच्या दारी सर्व धर्मांची मुले

नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावर पोशीर लागते. या साऱ्या पट्ट्यात मराठा-कुणब्यांची घरे आहेत, आगऱ्यांची आहेत, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत, मुसलमान मोहल्ले आहेत, बौद्धवाडे आहेत. शाळेत ही मुले एका बाकावर बसतात आणि घंटा झाली की आपापल्या वाटेने जातात. पुढे सरकारशी प्रत्येकाची गाठ पडते. पण ती एकट्याने, हातात अर्ज घेऊन, कचेरीच्या खिडकीपाशी. दाखला मिळाला तर सरकार चांगले, खेप फुकट गेली तर वाईट, एवढीच काय ती ओळख. हीच मुले एके दिवशी एकत्र, अर्ज न घेता, पाहुणे म्हणून तिथे गेली तर काय होईल, याचा विचार आज करू.

अमेरिकेत एक पद्धत आहे. लोक ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखतात, त्या ख्रिस्ती पंथात नोकरीधंद्यातून निवृत्त झालेली नवराबायको काही महिने ते दोनएक वर्षे स्वतःच्या खर्चाने सेवेला बाहेर पडतात. त्यांना वडीलधारे मिशनरी दांपत्य म्हणता येईल. त्यांचे काम केवळ धर्मप्रचाराचे नसते. कोणी मदतकार्यात असते, कोणी जुन्या नोंदी जपते, कोणी इतर धर्मीयांशी आणि सरकारी मंडळींशी शेजारधर्म राखते. निरनिराळ्या धर्मांच्या तरुणांना एकत्र करून सरकारच्या भेटीला नेणे, हा अशाच शेजारधर्माचा एक प्रकार आहे.

आता दांपत्यच का? आपल्याकडच्या आईबापांना विचारा म्हणजे उत्तर मिळेल. सोबत कोणी आजी आहे म्हटले की मुलीला पाठवायला घर तयार होते. डब्यात काय आहे, उपास कोणाचा, औषध कोणाला, हे तिच्या ध्यानात असते. आणि केस पांढरे झालेल्या माणसाला आता बढती नको असते, निवडणूकही लढवायची नसते. त्यामुळे दोन्ही बाजूंना त्याचा विश्वास वाटतो.

पण मिशनरी म्हटले की गावात भुवया उंचावतात, हेही खरे आहे. मुले बाटवतील ही धास्ती नवी नाही. 1839 साली मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण न्यायालयात गेले आणि तरुणाला त्याच्या मर्जीने जाऊ दिले गेले. तरी पालकांनी पटापट मुले काढून घेतली आणि शाळा जवळजवळ ओस पडली. निवड तरुणांची होती, हे खरे. परंतु आपण मुलगा शिकायला पाठवला होता, असेच पालकांच्या मनात राहिले. म्हणून यजमानाने पहिल्या दिवशीच ठरवावे, की या सहलीत मी कोणाच्या धर्माला हात लावणार नाही, माझा पुढे करणार नाही. सरकारच्या पूर्ण खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देऊ नये, असे आपल्या घटनेचे 28 वे कलमही सांगते.

पोशीरला मिशनरी दांपत्य कुठून आणायचे, असे कोणी म्हणेल. त्याची गरज नाही. निवृत्त गुरुजी आणि बाई गावोगाव आहेत. तेच यजमान होऊ शकतात.

सुरुवात ग्रामसभेपासून करावी. कायद्याने ती वर्षातून निदान चारदा भरायला हवी. ज्याचे नाव गावच्या मतदार यादीत आहे तो तिचा सभासद. धर्म, जात विचारली जात नाही. त्यानंतर कर्जत. तिथे मुलांना एक गोष्ट नीट समजावून द्यावी, कारण मोठ्या माणसांचाही तिथे घोटाळा होतो. सरकारचे हात दोन. एक महसुलाचा: तलाठी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. दुसरा पंचायतीचा: ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि अलिबागची जिल्हा परिषद. सातबारा पहिल्या हाताकडे, गावचा नळ दुसऱ्याकडे. जातीचा दाखला प्रांतांकडून मिळतो. तो पंचायत समितीत मागत बसले तर दिवस फुकट गेलाच म्हणून समजा!

शेवटी मुंबईचे विधानभवन. नेरळहून गाडीने दोनएक तास. रीतसर परवानगी आधी काढावी, आणि हिवाळी अधिवेशन नागपूरला असते हे लक्षात ठेवावे. सभागृहात 288 आमदार बसतात. त्यांतला एक कर्जत तालुक्याने आणि खालापूर तालुक्याच्या काही भागाने मिळून पाठवलेला असतो. मुलांना शपथेची गोष्ट इथेच सांगावी. निवडून आलेला सभासद ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घेऊ शकतो, किंवा देवाचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. सुरुवात ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे. पुढचे शब्द, राज्यघटनेशी निष्ठेचे, सर्वांना एकच. सर्वधर्मसमभावावर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा एवढे सांगितलेले पुष्कळ.

दिवस निवडताना जपावे. शनिवार-रविवारी कचेऱ्या बंद. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज. रमजानचे रोजे आणि सणवार पाहावेत. जेवण सर्वांना चालेल असे, एका पंगतीत. वाडीतल्या मुलाकडे गाडीभाडे नसेल तर ते चारचौघांत विचारू नये; बाईंनी आधीच पाहून ठेवावे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे: प्रत्येक मुलाने गावचा एक प्रश्न बरोबर न्यावा. वाडीला टँकर कधी? कब्रस्तानाची वाट कोणाच्या दप्तरात? शाळेला शिक्षक का नाही? एकाचा प्रश्न दुसऱ्याने विचारावा. कातकरीवाडीच्या पाण्याबद्दल मोहल्ल्यातली मुलगी बोलली, म्हणजे अधिकाऱ्यालाही कळते की हे साऱ्या गावाचे मागणे आहे.

आपल्या रायगड जिल्ह्यानेच हा धडा दिला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडला आणि तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तो मान्य केला. तरी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते 20 मार्च 1927 रोजी, डॉ. आंबेडकरांबरोबर माणसे चालत गेली तेव्हा. आणि हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडले. ठराव मुंबईत होतो. तो तळ्यापर्यंत न्यायला गावची माणसे लागतात.

म्हणून गुरुजनहो, सहल संपली की फोटो लावून थांबू नका. पुढच्या ग्रामसभेत त्याच मुलांना उभे करा. कोणता प्रश्न नेला, कोणाला भेटलो, काय उत्तर मिळाले, ते त्यांनी गावाला सांगावे. उत्तर मिळाले नसेल तर तेही सांगावे, आणि पुन्हा कधी जायचे ते तिथेच ठरवावे.