शहरातील सायकलची सुरक्षितता : पर्वत पाटिया परिसराच्या संदर्भात

सुरतमधील पर्वत पाटिया हा कापड बाजार, यंत्रमाग वस्त्या आणि कडोदरा-बारडोलीकडे जाणारा रस्ता यांना जोडणारा गजबजलेला भाग आहे. शेजारच्या लिंबायत, उधना परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे आणि उर्दू भाषक कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. महानगरपालिकेच्या मराठी व उर्दू शाळांतील मुले पुढे महाविद्यालयाकडे वळतात, तेव्हा घर ते वर्ग हे अंतर शिक्षणाचाच प्रश्न बनते. सायकल हे त्यावरचे स्वस्त उत्तर. तरीही पालक ती मुलांच्या, विशेषतः मुलींच्या हाती देण्यास कचरतात. या भीतीचे कारण व उपाय यांविषयी संशोधन काय सांगते, ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सायकलचा शिक्षणाशी असलेला संबंध बिहारने दाखवून दिला. तेथे 2006 साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. मुरलीधरन आणि प्रकाश यांच्या 2017 च्या अभ्यासानुसार या योजनेमुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढली. शाळा 3 किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम प्रामुख्याने दिसला.

परंतु गावातील रस्ता आणि शहरातील रस्ता यांत फरक आहे. अमेरिकेतील पोर्टलंड शहराचे रॉजर गेलर यांनी 2006 मध्ये नागरिकांचे चार गट मांडले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे कोणत्याही रस्त्यावर निर्धास्त सायकल चालवणारे जेमतेम 1 टक्का. इच्छा आहे पण भीती वाटते, असे मात्र 60 टक्के. आपल्याकडे आणखी एक गट आहे : भाड्याचे पैसे वाचवण्यासाठी, भीती असूनही सायकल चालवणारा कामगार. त्याची सायकल रस्त्यावर दिसते म्हणून रस्ता सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

भीती कशाने कमी होते? कॅनडातील टोरांटो व व्हँकुव्हर येथील 690 जखमी सायकलस्वारांच्या अभ्यासात (2012) असे आढळले की, गाड्या उभ्या असलेल्या व सायकलसाठी सोय नसलेल्या मोठ्या रस्त्याच्या तुलनेत वेगळ्या, संरक्षित मार्गावर इजेचा धोका सुमारे एक-नवमांश होता. स्पेनमधील सेव्हिल शहराने 2006 नंतर अवघ्या काही वर्षांत शंभराहून अधिक किलोमीटरचे सलग जाळे उभारले. सायकलस्वार अनेक पटींनी वाढले आणि प्रत्येकाचा धोका घटला. जेकबसन यांनी 2003 मध्ये मांडलेला सिद्धान्त याला पूरक आहे : सायकलस्वार दुप्पट झाले, तर प्रत्येकाचा धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी होतो. म्हणजेच सुरक्षितता आणि आकर्षण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

यातील ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुण्यात 2006 च्या बीआरटी मार्गालगत सायकल मार्ग झाले. पण अतिक्रमण, उभी वाहने आणि चौकात तुटणारी वाट यांमुळे त्यांचा उपयोग मर्यादित राहिला. वास्तविक मोठा धोका चौकातच असतो. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला शेजारची सायकल दिसत नाही. त्यासाठी वळणावर वाहनांचा वेग कमी करणे आणि सायकलींना थांबण्यासाठी पुढे जागा देणे, हे उपाय सुचवले जातात.

सुरतमध्ये 2014 पासून बीआरटीएस आहे. केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ स्पर्धेत 2021 साली निवडलेल्या 11 शहरांत सुरतचाही समावेश होता. अर्थात, खरी कसोटी पर्वत पाटियासारख्या चौकात लागते.

अध्यापकांना येथे एक काम करता येईल. विद्यार्थ्यांनी घर ते महाविद्यालय हा मार्ग कागदावर काढावा आणि जेथे सायकलवरून उतरून चालावे लागते, तेथे खूण करावी. अशा पन्नास कागदांवर ज्या जागा पुन्हा पुन्हा येतील, त्यांची यादी महानगरपालिकेकडे द्यावी. मुलांना ‘जपून जा’ असे आपण रोज सांगतो. ते कोठे जपतात, हे त्या यादीतून कळेल आणि रस्ता दुरुस्त करणाऱ्यांनाही सांगता येईल.