चोरून पाहता न येणारी किल्ली

लखोटा वाफेवर उकलून पुन्हा चिकटविला, तर पत्र कोणी वाचले हे समजत नाही. पुंज भौतिकीने मात्र ही चोरी उघडी पाडणारा मार्ग दाखविला आहे. चार्ल्स बेनेट व जिल ब्रासार यांनी तो १९८४ साली बंगलोर येथील परिषदेत मांडला.

या पद्धतीत संदेशाची सांकेतिक किल्ली एकेका प्रकाशकणाच्या ध्रुवणातून पाठविली जाते. अज्ञात अवस्थेतील कणाची हुबेहूब नक्कल करता येत नाही आणि मोजमाप करू जाता त्याची अवस्था बिघडते. साहजिकच, कोणी मध्येच डोकावल्यास किल्लीत चुका उमटतात. दोन्ही टोकांचे लोक तिचे काही अंक उघडपणे ताडून पाहतात. चुका प्रमाणाबाहेर आढळल्यास ती किल्ली टाकून देतात.

याची निकड पीटर शोर यांच्या १९९४ सालच्या संशोधनामुळे वाढली. प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे कठीण असते, या भरवशावर अनेक प्रचलित संकेतपद्धती उभ्या आहेत. समर्थ क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करू शकेल, असे त्यांनी दाखविले.

काचतंतूतून दूर जाताना प्रकाशकण वाटेतच हरवतात, ही संशोधकांपुढील मोठी अडचण होय. २०२३ साली मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात दोन हजार किलोमीटरपर्यंत असे सुरक्षित दळणवळण साधण्याचे उद्दिष्ट आहे.