आधी बादली उलटी करा!

संक्रांत आटोपली की अकोला-अमरावतीकडे नव्या तुरीची डाळ घरात येऊ लागते. आई-आजीची वर्षभराच्या बेगमीची लगबग सुरू! पूर्वी वऱ्हाडात धान्यासाठी जमिनीत खोल पेवं खणायचे. एखाद्या गोष्टीचं ‘पेव फुटलं’ म्हणतो ना आपण, ते यातलंच बरं का! पुढे कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या, अन् आता बऱ्याच घरांत झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बादल्या दिसतात.

दोस्तांनो, तुमच्या घरची बादली रिकामी झाली की उलटी करून पाहा. बुडाशी छोटा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. १९८८ साली अमेरिकेत ही खूण निघाली, ती प्लॅस्टिकच्या जाती ओळखायला. २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. धान्याला या दोन जाती चांगल्या. ३ म्हणजे पीव्हीसी, ते नकोच.

मग २ दिसला की झालं? छे! कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबाही पुष्कळदा २ नंबरचाच असतो. आकडा जात सांगतो, पोटात आधी काय होतं ते सांगत नाही. प्लॅस्टिक थोडंफार रसायन शोषून घेतं आणि मग कितीही घासा, ते पुरतं निघत नाही. औषधाच्या लेबलावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल. पण हिरवा असला तरी तो डबा घरात आणायचा नाही. पाण्यालाही नाही, गुरांच्या ढेपेलाही नाही. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, असं १९७१ च्या कीटकनाशक नियमांतच आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक माणसं दगावली; इतकं हे विष जहाल.

रंगाची रिकामी बादली मजबूत असते, फुकटही मिळते. तिच्यात झाडं लावा. स्वस्त काळी बादली कशाकशाचं प्लॅस्टिक वितळवून केलेली असते, कोण जाणे! दुकानदाराला ‘खाद्यपदार्थांसाठीची’ असं स्पष्ट विचारा.

डाळ मात्र कडक वाळलेली हवी. दाताखाली कटकन् तुटली तर भरा. घट्ट झाकणाखाली ओल कोंडली की बुरशी धरते. बादली तापत्या टिनाखाली ठेवू नका. आणि लोणचं? त्याला आजीची चिनी मातीची बरणीच बरी.