तापलेले इंजिन, थंड डोके

बँकेची नोकरी स्वीकारली की बदली ओघानेच येते. माझी इंदूरला बदली झाल्यापासून पुणे-इंदूर हा प्रवास वर्षातून दोन-तीन वेळा घडतो. अशाच एका मे महिन्यात पत्नी, सहा वर्षांची कन्या आणि बाबा यांच्यासह मी इंदूरकडे निघालो होतो. भर दुपारी शिरपूर, पळासनेर मागे पडले आणि सातपुड्यातील बिजासन घाटाची चढण सुरू झाली. पुढे मालमोटारींची संथ रांग, गाडीत वातानुकूलन चालू. तापमानदर्शक काटा मध्यापासून वर सरकलेला दिसला. पण ‘आता सेंधवा आलेच, तेथे पाहू’ असे म्हणून मी गाडी दामटली. काही मिनिटांतच लाल दिवा लागला आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली.

गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच शेजारी विसावलेल्या एका मालमोटारचालकाने माझे मनगट धरले. पाऊण तास झाकणाला स्पर्शही करू नका, असे त्याने हिंदीतून बजावले. त्या क्षणी त्याने मला कशातून वाचविले, हे नंतर उमगले. तेच वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न.

इंजिन का तापते?

इंधन जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक-तृतीयांशच चाके फिरविण्यास उपयोगी पडते. उरलेली बरीचशी उष्णता धुरावाटे बाहेर पडते आणि मोठा वाटा शीतक द्रव, म्हणजेच कूलंट, वाहून नेतो. पंपाने खेळविलेला हा द्रव रेडिएटरमध्ये येऊन हवेने थंड होतो. घाटात इंजिनावर भार अधिक, गाडीचा वेग कमी आणि म्हणून समोरून येणारी हवाही कमी. त्यात वातानुकूलन यंत्रणेची उष्णता रेडिएटरच्या पुढ्यातच बाहेर पडते. अशा वेळी कूलंटची गळती, बंद पडलेला पंखा किंवा अडकलेला थर्मोस्टॅट यांपैकी एक दोषही पुरेसा होतो.

झाकणाचे गमक दाबात आहे. ही यंत्रणा बंदिस्त असून दाबाखाली चालते. आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या दुप्पट असेल, तर साधे पाणीदेखील १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण काढताच दाब नाहीसा होतो आणि अतितप्त पाण्याची क्षणार्धात वाफ होऊन ती चेहऱ्यावर व हातांवर उसळते.

काटा चढू लागताच

वातानुकूलन तत्काळ बंद करावे. काचा उघडून हीटर पूर्ण क्षमतेने चालू करावा. उन्हाळ्यात हे विपरीत वाटेल. परंतु हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असल्याने तो इंजिनातील काही उष्णता खेचून घेतो. तरीही काटा उतरला नाही, अथवा लाल दिवा लागला, तर पुढील गावाची वाट न पाहता सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. धोकादर्शक दिवे लावावेत, मागे काही अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा. मुलांना व वृद्धांना रस्त्यापासून दूर, सावलीत बसवून पाणी द्यावे.

थांबल्यानंतर

वाफ येत असेल तर बॉनेट उघडण्याचीही घाई नको. किमान अर्धा ते पाऊण तास जाऊ द्यावा. तप्त इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतल्यास धातू अचानक आकुंचन पावून तडे जाण्याची भीती असते. इंजिन पुरते निवल्यावर जाड फडका धरून झाकण किंचित फिरवावे, उरलेला दाब जाऊ द्यावा आणि मगच ते काढावे. नंतर गाडीखाली थेंब पडत आहेत का, नळी फाटली आहे का, पट्टा जागेवर आहे का, हे पाहावे. कूलंट नसल्यास निकडीपुरते स्वच्छ पाणी हळूहळू भरावे.

आमच्या गाडीत वरच्या नळीची पकड सैल झाली होती. ती आवळून, पाणी भरून, वातानुकूलन बंद ठेवून आम्ही सावकाश सेंधवा गाठले. तेथील मेकॅनिकने नळी बदलली आणि अशीच आणखी दोन-तीन किलोमीटर गाडी रेटली असती तर इंजिनाचे हेड वाकले असते, असे सांगितले. तसे झाले असते, तर काही शेकड्यांतील खर्च हजारोंच्या घरात गेला असता.

ओतलेले पाणी लगेच गळून जात असेल, ऑइल दुधाळ दिसत असेल किंवा धुराड्यातून दाट पांढरा धूर सतत येत असेल, तर मात्र गाडी चालवू नये. ती ओढून नेण्याची व्यवस्था करावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि आणीबाणीत ११२ या क्रमांकांवर साहाय्य मागता येते.

विम्याविषयी थोडे

अपघाताविना झालेला यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार विमा पॉलिसीत समाविष्ट नसतो, हे अनेक ग्राहकांना ऐन वेळी कळते. रस्त्यावरील साहाय्य आणि इंजिन संरक्षण ही अतिरिक्त कवचे वेगळा हप्ता भरून घ्यावी लागतात. त्यांच्या अटी नूतनीकरणापूर्वीच वाचून ठेवाव्यात. दूरच्या प्रवासाआधी, इंजिन थंड असताना, कूलंटची पातळी आणि नळ्या पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

कर्जखात्यात हप्ता थकू लागला की ९० दिवस उलटण्याची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात ऋणकोला भेटावे, हे मी शाखेत सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. घाटात मात्र वर सरकणारा काटा पाहूनही मी पुढे गेलो. आता तो मध्याच्या वर गेलेला दिसला की मागच्या आसनावरून बाबाच विचारतात, “थांबायचं ना?” आणि आम्ही थांबतो.