‘अनलिमिटेड’ची हद्द

2007 साली अमेरिकेत व्हेरायझन वायरलेस ही कंपनी लॅपटॉपसाठीचं इंटरनेट ‘अनलिमिटेड’ म्हणून विकत होती. लोकांनी ते मनसोक्त वापरलं आणि अनेकांची कनेक्शनं ‘अतिवापरा’च्या नावाखाली तोडली गेली. बारीक अक्षरांतल्या अटींत मुभा होती ती ईमेल, वेबसाइट आणि ऑफिसच्या नेटवर्कपुरती. सिनेमे, गेम उतरवायला मनाई. महिन्याला 5 जीबी ओलांडले, की हा ग्राहक नक्कीच नको ते करतोय, असं कंपनी गृहीत धरायची. पुरावा वगैरे नाही. न्यूयॉर्कचे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी चौकशी लावल्यावर सुमारे 13 हजार ग्राहकांना मिळून 10 लाख डॉलर परत करायचं कंपनीनं कबूल केलं.

कॉमकास्ट या तिथल्याच इंटरनेट कंपनीची तऱ्हा आणखी न्यारी. ‘जास्त वापरता’ म्हणून ताकीद यायची, पण किती म्हणजे जास्त, ते सांगायचंच नाही! अखेर ऑक्टोबर 2008पासून 250 जीबीचा आकडा जाहीर झाला.

जाळ्यावर सगळ्यांचा भार असतो, तेव्हा कंपनीला लगाम हवाच. पण आकडा आधी सांगावा.

आपल्याकडे दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं नकोशा जाहिरात-कॉलसाठी तो सांगितला आहे. फेब्रुवारी 2025च्या दुरुस्तीनुसार, नोंदणी न करता जाहिराती करणाऱ्याविरुद्ध 10 दिवसांत पाच तक्रारी आल्या, की कारवाई सुरू होते. पहिल्या खेपेला 15 दिवस फक्त आउटगोइंग बंद. पुन्हा तेच केलं, तर सगळ्या कंपन्यांकडचे नंबर वर्षभरासाठी जातात. ही पायरीपायरीची पद्धत मला शहाणपणाची वाटते. बँकेच्या ओटीपीपासून गॅस बुकिंगपर्यंत सगळं ज्या नंबरावर चालतं, तो एका फटक्यात तोडणं म्हणजे माणसाचा व्यवहारच बंद पाडणं.

कंपन्यांच्या स्वतःच्या अटी मात्र अजून मोघम असतात. प्लॅन ‘वैयक्तिक वापरासाठी’, व्यावसायिक वापर दिसला तर सेवा बंद. दिवसभर गिऱ्हाइकांना फोन करणारा प्लंबर मग कशात मोडतो? डबे पुरवणाऱ्या काकू?

अशा वेळी आधी कंपनीकडे तक्रार करून डॉकेट नंबर घ्यावा, मग तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावं. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. टेलिफोनचे तंटे तिथे चालत नाहीत, हा 2009च्या एका निकालामुळे रूढ झालेला समज सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2022मध्ये खोडून काढला.