आवाज नेमका अडतो कुठे?

मंडळी, आपल्या व्याख्यानमालेचे बरेच श्रोते आता घरी डेस्कटॉपसमोर, कानाला बिनतारी हेडफोन लावून बसतात. त्यांची नेहमीची तक्रार अशी: "सर, कनेक्टेड दिसतंय, पण ऐकू काही येत नाही." मग कोणी नवा हेडफोन घेतो, कोणी आपल्या कानांनाच दोष देतो. दोन्हीची घाई नको. आपल्या न्यायशास्त्रात याला एक जुनं साधन आहे, अन्वय आणि व्यतिरेक. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. पाश्चात्त्यांकडे जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये 'अ सिस्टिम ऑफ लॉजिक' या ग्रंथात बरीचशी अशीच रीत मांडली. पथ्य एवढंच, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी तोच हेडफोन मोबाइलला जोडून बघा. तिथे नीट वाजला, तर शोध संगणकाच्या बाजूला घ्यायचा. मात्र त्यानंतर मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा. पुष्कळ हेडफोन फोनलाच धरून बसतात.

आता शब्दांचा घोळ. 'पेअर्ड' म्हणजे ओळख झालेली आहे. 'कनेक्टेड' म्हणजे आत्ता संपर्क आहे. पण आवाज कुठे पाठवायचा, हे वेगळंच ठरतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये 'आउटपुट' पाहा. कित्येकदा तिथे मॉनिटरचं नाव निवडलेलं असतं. हेडफोनचं निवडा.

आवाज तुटक येतो? ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात बऱ्याच घरांतलं वायफाय असतं, आणि यूएसबी ३ च्या उपकरणांचा गोंगाटही तिथे पोचतो. त्यात डोंगल सीपीयूच्या मागे, हार्ड डिस्कशेजारी खोचलेला असला, तर पत्र्याच्या पेटीचीही आड होते. एक्स्टेन्शन केबल लावून तो टेबलावर आणा. सुधारलं? परत मागे लावा. पुन्हा बिघडलं? मग कारण सापडलं म्हणा.

शेवटचा मुद्दा आपल्या सर्वांच्या कामाचा. व्याख्यान छान ऐकू येत असतं, प्रश्न विचारायला माइक सुरू केला, की आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. हा बिघाड नव्हे, बरं का. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये उत्तम स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो. तुमचं बोलणंही उलट पाठवायचं, तर हेडफोन फोन-कॉलच्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचा दर्जा उतरतो. उपाय सोपा आहे: 'इनपुट'मध्ये वेबकॅमचा किंवा वेगळा तारेचा माइक निवडा, हेडफोन फक्त ऐकण्यापुरता ठेवा.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण माइकच्या धास्तीने कोणी प्रश्न मनातच ठेवू नये. शंका विचारलीच गेली नाही, तर वक्ता नुसता बोलून जातो. बरं, आता प्रश्न घेऊ.