ओहोटीच्या रेषेवर (भाग ९) : शंभर मीटरवरून घरी

मागच्या भागातला बार्नेकल एकदा खडकाला चिकटला की जन्मभर तिथेच राहतो. त्याला पर्यायच नसतो. आजच्या माशाला भरतीच्या पाण्यात हवं तिकडे जाता येतं. तरीही ओहोटी लागली की तो आपल्या डबक्याकडे वळतो.

हा टाइडपूल स्कल्पिन, शास्त्रीय नाव ऑलिगोकॉटस मॅक्युलोसस. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंत, हे त्याचं गाव. लांबी फार तर ९ सेंटिमीटर. डोकं मोठं, शेपटीकडे अंग निमुळतं, खवले जवळजवळ नाहीतच. पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे तो पाण्यात अधांतरी राहू शकत नाही; छातीचे रुंद पर टेकून तळाशी बसतो आणि एखादा बारीक कवचधारी जीव टप्प्यात आला की झेपावतो. राखाडी, हिरवट, तपकिरी ठिपक्यांमुळे तो स्थिर बसला असताना नजरेला सापडणं कठीणच.

अशा डबक्यात राहणं सोपं नाही. दिवसा ऊन असतं तेव्हा समुद्रशैवाल इतका प्राणवायू सोडतं की पाण्यात तो गरजेहून जास्त साठतो. रात्री ओहोटीत डबकं समुद्रापासून तुटलं की तेच शैवाल आणि तिथले सगळे जीव तो वापरत राहतात, आणि पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. त्यात उन्हाने पाणी तापतं, पावसाने त्याचा खारटपणा उतरतो. खोल पाण्यातले स्कल्पिन इथे तग धरणार नाहीत. कमी प्राणवायूत भागवण्याची स्कल्पिनच्या वेगवेगळ्या जातींची ताकद तपासली, तेव्हा किनाऱ्यावरच्या जातींचं वेगळेपण दिसलं: कल्ल्यांचा पृष्ठभाग मोठा, रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरणारं, आणि शरीराची गरजही कमी. इतकं करूनही भागलं नाही तर टाइडपूल स्कल्पिन सरळ पाण्याबाहेर डोकं काढतो, कधी अख्खाच ओल्या खडकावर येतो, आणि कल्ले व त्वचा यांतून हवेतला प्राणवायू घेतो.

मला मात्र त्याच्या श्वासापेक्षा त्याच्या स्मरणाचं जास्त नवल वाटतं. भरती आली की तो डबक्यातून बाहेर पडून आसपास चरतो आणि पाणी उतरायच्या आत त्याच डबक्यात, किंवा शेजारच्या ठरलेल्या दोन-चार डबक्यांपैकी एकात, परततो. जे. एम. ग्रीन यांनी व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर खुणा केलेले मासे उचलून दूर नेऊन सोडले. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात १०२ मीटरवरून परतलेल्या माशांची नोंद आहे. बोटाएवढ्या जिवाला हे अंतर केवढं! सहा महिने बंदिस्त ठेवलेल्या माशांनाही आपली जागा आठवत होती.

वाट सापडते कशी? १९७४ साली एच. डब्ल्यू. खू यांनी काही माशांची दृष्टी बंद केली, काहींची गंधशक्ती. न दिसणारे मासे घरी पोचले. गंध न कळणारे भरकटले. म्हणजे प्रत्येक डबक्याच्या पाण्याला स्वतःचा वास असतो आणि माशाला तो पाठ असतो, असं मानायला हरकत नाही. ओळखीच्या डबक्यात लपायची कपार कुठे आणि पाणी कधी बिघडतं, हे माहीत असतं. परक्या डबक्यात अडकला तर पुढचे काही तास जिवावर बेतू शकतात, म्हणून ही आठवण जपण्यासारखी आहे.

वाट शोधण्याचा हाच प्रश्न दुसऱ्या एका माशाने वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. बॅथिगोबियस वंशातला अटलांटिकचा एक गोबी ओहोटीत धोका जाणवला की एका डबक्यातून उडी मारून नेमका शेजारच्या डबक्यात पडतो, आणि ते शेजारचं डबकं त्याला उडी मारताना दिसतही नाही. लेस्टर अ‍ॅरॉन्सन यांनी कृत्रिम डबकी बांधून दाखवून दिलं, की भरतीच्या वेळी वरून पोहताना हा मासा खालच्या खडकांची ठेवण ध्यानात ठेवतो. इथे वासाला काम नाही, नकाशाच हवा. स्कल्पिन आपल्याकडे नाही, पण याच बॅथिगोबियस वंशातले मासे भारताच्या खडकाळ किनाऱ्यांवरही राहतात. कोकणात सुकतीच्या वेळी डबक्यात वाकून पाहाल तर तळाशी बसलेला एखादा तपकिरी गोबी दिसेल. सावली न पाडता थोडा वेळ थांबा, मग तो हलेल.

पुढच्या भागात लिंपेट: शंकूच्या आकाराची पाठ असलेली ही गोगलगाय चरून झाल्यावर खडकावरच्या आपल्या खळग्यात परतते.